गढीची पांढरी माती

माती एकदम खाली आली, आवाज पण झाला नाही, आणि माझी दोन वर्षांची पोरगी छातीपर्यंत गाडली. हाताला धरून ओढलं तर वरून अजून सुटली. ती रडंना पण, नुसती माझ्याकडं बघत होती.

चूक माझीच. आमच्या लातूरकडं घट बसायच्या आधी चूल, भिंती पांढऱ्या मातीनं पोतारतात, आणि ती माती पडक्या गढीचीच आणतात. इथं चाकणला पत्र्याच्या खोलीत आल्यापासून काहीच केलं नव्हतं. म्हणून गुरुवारी कंपनीला सुट्टी होती तर, अंगात त्राण नव्हतं तरी, पोरीला घेऊन रिक्षानं इंद्रायणीकाठच्या जुन्या किल्ल्यात गेले. खाली दगड, वर विटा, आणि बुरुजाच्या पोटात तीच माती. पोरीला सावलीला भिंतीशी बसवलं अन् शेजारीच खुरप्यानं खणायला लागले.

किल्ल्यात देवीचं देऊळ आहे. तिथं झाडलोट करणारी म्हातारी मी येताना बघितलेली. हाका मारल्या, पण नदीच्या वाऱ्यात त्या कुठं जातात? ओढावं तर भिंत येतीय, थांबावं तर पोरगी अजून खाली चाललीय. मी म्हटलं, आले गं माय, हलू नको. आणि तिला सोडून देवळाकडं पळाले.

म्हातारी फावडं घेऊन आली. "वढू नगं, बाजूनं उकर." फावडं पोरीला लागंल म्हणून दोघींनी हातानंच उकरलं. पोरगी निघाली, पायाला खरचटलं तेवढंच.

म्हातारी दम खात बसली. "सरदाराचा कोट हाय ह्यो. नदी उतरून कोन येतंय त्ये बुरजावरनं बघायचे. किती फौजा आल्या अन् गेल्या, त्येला काय झालं न्हाई. आन् तुमी बाया घमेल्यानं पाडताय."

"तुम्ही पण नेत असाल की मावशी."

"व्हय, नेतो की. पर पडल्याली. त्येचं पोट न्हाई फोडत."

पोतारायचं राहिलंच. तेव्हापासून पोरगी मला सोडत नाही. संडासला गेले तरी दारात बसून रडती. शिफ्टचे चार खाडे झाले. शेजारीण म्हणती, लेकराला असं टाकून कोण पळतं. नवरा म्हणतो, थांबली असतीस तर दोघी गेल्या असत्या. मला दोघांचं पण पटतं, आणि विचार करून करून जीव थकलाय.

तुम्ही असता तर काय केलं असतं? तिथंच थांबला असता, का पळाला असता?