चपला वाळवायचा डबा

आबा नंदुरबारकडून सुरतला आले ते लूमवर काम करायला. पण मागांच्या खडखडाटानं त्यांचं डोकं दुखायचं, म्हणून ते ड्रायव्हर झाले. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा ते कामरेजच्या एका शेठची जुनी बस चालवायचे. आधी ती कुठल्या तरी मिलच्या कामगारांची ने-आण करायची. शेठनं सीटा काढून आत दोन पलंग, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, देवाचा कोनाडा आणि एक टीव्ही बसवून घेतला होता. शेठच्या आईचे, बाचे, गुडघे गेलेले. धर्मशाळेच्या पायऱ्या तिला चढता येत नसत. यात्रेला निघाली की ती बसमध्येच राहायची.

टीव्ही महत्त्वाचा होता. रविवारी सकाळी एक पौराणिक मालिका लागायची, आणि ती चुकणार असेल तर बा निघायचीच नाही. त्या साली जुना टीव्ही बंद पडला. शेठच्या मेहुण्यानं नवा आणला, चौदा इंची, ब्लॅक अँड व्हाइट. मिस्त्रीनं जुन्याच्या वायरी कापून तो काढून नेला, नवा फळीवर ठेवला, आणि याला वीज कुठून द्यायची हे त्याला सुचेना.

एका संध्याकाळी आबा नवागामच्या आमच्या खोलीत आले आणि चप्पल काढता काढता म्हणाले, "मी शेठले सांगी उनू, मनी पोर कॉलेजमा वीज शिकस. तुले जमी ना व बाई?"

आमच्या घरात दहावीपुढे कोणी गेलं नव्हतं. मी काय शिकते हे आबांना कधी विचारता आलं नाही, आणि मलाही कधी सांगता आलं नाही. त्यामुळे 'जमेल' हा शब्द माझ्या तोंडून फार पटकन निघाला.

रविवारी आबांबरोबर कामरेजला गेले. टीव्हीच्या मागे बारा व्होल्टचं एक भोक होतं. बसची वीज मात्र चोवीसची, बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या. मी मनात म्हटलं, मग अवघड काय आहे? दोनपैकी एकीवरूनच वायर घ्यायची. तशी घेतली, लाल रंगाची, पलंगाखालून. टीव्ही लागला. बानं माझ्या हातावर गूळ-तुपाच्या सुखडीचा तुकडा ठेवला. परतताना आबा सायकलवर पूर्ण रस्ता गुणगुणत होते.

वायर ओढताना पलंगाखाली एक लोखंडी डबा दिसला होता, स्क्रूंनी फळीला आवळलेला, दोन्ही बाजूंनी कापलेल्या वायरी लोंबत असलेला.

"हा कशाचा?" मी विचारलं होतं.

"तो?" आबा म्हणाले. "तो तापायचा. पावसात मी त्याच्यावर चपला वाळवायचो."

डबा का तापायचा, हे मी विचारायला हवं होतं. आज वाटतं, मला तेव्हा प्रश्न पडलाच होता. पण सगळ्यांसमोर मला न समजलेलं काही असू नये अशी माझी इच्छा होती, म्हणून तो मी बाजूला सारला.

बस यात्रेला गेली. तीन आठवड्यांनी परतली ती कशीबशी. शेवटच्या चार दिवसांत रोज सकाळी धक्का मारून चालू करावी लागत होती, आणि टीव्हीवरचं चित्र चारी बाजूंनी आकसत चाललं होतं. आबांनी मला पुन्हा कामरेजला नेलं. आम्ही पोचलो तेव्हा शेठनं हायवेवरच्या बॅटरीवाल्या चाचांना आधीच बोलावलेलं. चाचांनी बॅटऱ्यांची झाकणं काढली. एकीत पाणी जवळजवळ तळाला.

"पाणी नाख्युं'तुं के नहीं?" शेठनं आबांना विचारलं.

"टाकलं होतं शेठ. निघताना टाकलं, वाटेत पण टाकलं."

"तो क्यां गयुं? बॅटरी पी गई?"

आबा हातातल्या पाण्याच्या कॅनकडे बघत उभे राहिले. पाणी त्यांनी टाकलंच होतं, मला माहीत होतं. गाडीचं सगळं ते देवपूजेसारखं करत. पण समोर कोरडी बॅटरी होती, आणि कोरडी बॅटरी म्हणजे आळशी ड्रायव्हर, हे कोणीही म्हणेल. शेठनं तसं म्हटलंही. दुसरा ड्रायव्हर बघायला लागेल, असंही म्हटलं.

चाचा दुसऱ्या बॅटरीत काचेची नळी बुडवत होते. या नळीत पाणी ओढलं की आतला काटा तरंगतो. बॅटरी भरलेली असेल तर वर, रिकामी असेल तर खाली. इथे तो तळाला जाऊन बसला. मग त्यांचं लक्ष माझ्या लाल वायरीकडे गेलं.

"ये तार किसने लगाया?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मैंने," ते म्हणाले.

गप्प राहिले असते तर मी कॉलेजातली हुशार मुलगी राहिले असते, आणि आबांची नोकरी गेली असती. एवढा साधा हिशेब, पण तोंड उघडायला मला वेळ लागला.

"त्यांनी नाही, मी लावली," मी म्हणाले. "पण यात चुकलं काय ते मला कळत नाही."

चाचांना राग आला नाही, उलट मजा वाटली. त्यांनी समजावून सांगितलं. टीव्ही एकीतूनच खात होता, पण इंजिन दोघींना सारखंच वाढत होतं. भरलेलीला ते जास्त व्हायचं, ती उकळून पाणी उडवायची. रिकामी कधी भरायचीच नाही.

"एक बदहजमी से मरी," चाचा म्हणाले, "दूसरी भूख से."

"मग जुना टीव्ही इतकी वर्षं कसा चालला?"

"बीच में कोई डब्बा होगा. चौबीस का बारह करनेवाला."

आबांनी मान वर केली. "डबा? तापणारा?"

"तपेगा ही. बाकी के बारह जाएँगे कहाँ?"

दुसऱ्या ड्रायव्हरचा विषय शेठनं तिथेच सोडला. बसच्या खिडकीतून बानं सगळं ऐकलं होतं. ती मला म्हणाली, "साचुं बोली. हवे सरखुं कर." खरं बोललीस, आता नीट कर.

चाचांनी त्यांच्याकडच्या दोन बॅटऱ्या तात्पुरत्या बसवल्या. मी लाल वायर काढली, डब्याच्या कापलेल्या वायरी सोलल्या, एक बाजू चोवीसला जोडली. टीव्हीकडच्या बाजूला चाचांचा मीटर लावला. काटा बाराच्या किंचित पुढे थांबला. दोनदा बघितलं, मगच टीव्ही लावला. चित्र पूर्ण पडदाभर आलं.

थोड्या वेळानं आबा वाकून पलंगाखाली गेले आणि डब्यावर तळहात ठेवून बसले.

"तपना," ते आतूनच म्हणाले. मग, "मंग आरधी वीज फुकटच जास का व? टीव्ही खास तितलीच हाऊ डबा खास?"

मी जे शिकत होते त्याबद्दल आबांनी मला विचारलेला तो पहिला प्रश्न.

"हो, फुकट जाते," मी म्हणाले. "ती वाचवता येते का, ते सरांना विचारून सांगते."

"इचार," आबा म्हणाले. हात त्यांनी डब्यावरच ठेवला होता.