टाकीची मागची बाजू

गिऱ्हाइकांनी तिचं नाव कात्री पाडलं होतं, आणि ते काही तिच्या हातातल्या कात्रीवरून नव्हे. कुणी नव्या सदऱ्याला नावं ठेवली, की ती तोंडावर सांगायची, "कापड आटलं नाही, तुम्ही सुटलात." वर शिलाई पुरेपूर घ्यायची. तरी लोक तिच्याकडेच यायचे, कारण तिची टीप ओळंब्यात असायची. सरळ टिपेसाठी माणूस चार शब्द ऐकून घेतो.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिला एकच खिडकी, रस्त्याकडची. उजेड मिळावा म्हणून मशीन खिडकीला लावून ठेवलेलं, आणि शेजारी धाकट्या भावाची चाकाची खुर्ची. पाठ खिडकीला, तोंड तिच्याकडे. त्याला काही हवं-नको झालं तर तिला लगेच दिसायचं, आणि तोही बसल्या बसल्या सुईत दोरा ओवून द्यायचा, काजं तपासायचा.

हा भाऊ एकेकाळी रंगारी होता. उंच इमारतींचा. परांचीवर चढला की खाली उतरायचं नाव घेत नसे. गावच्या मोठ्या पाण्याच्या टाकीला निळा रंग देताना, तिची डोंगराकडची बाजू संपत आली असतानाच फळी निसटली आणि तो कमरेतून गेला. ठेकेदार इस्पितळात एकदा केळी घेऊन आला, तेवढाच. पुन्हा फिरकला नाही. कात्रीने तेव्हापासून केळं तोंडात घातलेलं नाही.

भाऊ आठवड्यातून दोनदा अपंगांच्या केंद्रात जायचा. तिथे व्यायाम करून घेत, गप्पा होत. केंद्राला लोकांची ने-आण करायला गाडी हवी होती, म्हणून त्यांनी डोंगर चढायची टूम काढली. लोकांनी चढायचं, ओळखीपाळखीच्यांनी त्यांच्या नावाने देणगी द्यायची. आता चढल्याशिवाय देणगी का देता येत नाही, हे कात्रीला कळेना. पण तिला विचारतंय कोण? तिच्याकडे फक्त बनियनं आली. छातीवर केंद्राचं नाव छापलेली, गुडघ्यापर्यंत लोंबणारी, ढीगभर. "ताई, चांगल्या कामासाठी आहे, तेवढी आखूड करून द्याल ना?" फुकटात, हे वेगळं सांगायला नको. तिने दात-ओठ खात ती आखूड केली.

मग केंद्राच्या संचालिकाबाई स्वतः घरी आल्या. भावाला डोंगरावर न्यायचं म्हणाल्या. वाट पायऱ्यांची, चाकं चालायची नाहीत, म्हणून साध्या खुर्चीला दोन बांबू बांधून व्यायामशाळेतली चार पोरं त्याला उचलणार.

"माझा भाऊ म्हणजे काय मिरवायची वस्तू आहे?" कात्री म्हणाली.

पण भाऊच म्हणाला, "ताई, मला जायचंय." आणि बाईंकडे वळून म्हणाला, "वरच्या कड्यावरून टाकीची मागची बाजू दिसते. माझा थोडा रंग राहिला होता. पुढे कुणी पुरा केला की नाही, तेवढं बघायचंय. गावातून ती बाजू दिसतच नाही."

"नक्की दाखवू," बाई म्हणाल्या.

एवढ्यासाठी कात्रीने रागाचा घोट गिळला. आणि यांच्यावर भरवसा नको म्हणून स्वतःही निघाली.

आयुष्यभर मशीन मारून तिचे गुडघे गेलेले. पायऱ्या लागल्या तशी ती मागे पडली. चार पोरांनी खुर्ची उचलली आणि ती वळणाआड दिसेनाशी झाली. मागून येणारे तिला ओलांडून जात होते. "चला मावशी, जमेल!" असं म्हणत होते. मीच आखूड केलेली बनियनं घालून मलाच शिकवतात, म्हणून ती आणखी तडकत होती. एका जाड्या गृहस्थाने तिला पाणी देऊ केलं. तिने ते घेतलं, पण आभार मानले नाहीत.

ती कड्यापाशी पोचली तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हतं. खडकाला केंद्राचा भलामोठा फलक बांधलेला. त्याच्यासमोर फोटो काढून झाल्याच्या खुणा: पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, कुणाची तरी विसरलेली टोपी. आणि भाऊ. खुर्ची अजून बांबूंना बांधलेली, पाठ दरीकडे, तोंड फलकाकडे.

"बाकीचे कुठायत?"

"शिखरावर गेले. तिथली वाट अरुंद आहे, खुर्ची जात नाही म्हणाले."

"आणि तू असा का बसलायस?"

"आधी मला दरीकडेच बसवलं होतं गं. मग फोटोवाला फलकापाशी उभा राहून म्हणाला, मागे दरी हवी, पण पाठमोरा माणूस चालत नाही, चेहरा दिसला पाहिजे. सगळ्यांनी मला मध्ये घेतलं, फोटो झाले आणि निघाले. मी हाक मारली. त्यांना वाटलं, मी टाटा करतोय. त्यांनीही हात हलवले."

कात्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गरज सरो, वैद्य मरो! अख्खा डोंगर चढून माणूस उचलून आणला, आणि ज्यासाठी आणला त्याच्याकडेच पाठ करून ठेवला. हे दुष्टांना सुचलं नसतं. याला चांगलीच माणसं लागतात, घाईत असलेली.

तिने पदर खोचला. खुर्ची जड, बांबू दगडांत अडकायचे. ती एक टोक उचलायची, वीतभर सरकवायची, शिवी द्यायची, दुसरं टोक उचलायची. भाऊ म्हणत होता, थांब, ते येतील. ती थांबली नाही. खुर्ची फिरली.

खाली गाव पसरलं होतं. टाकी लगेच सापडली, निळीशार, आणि त्या निळ्यात खाली एक करडा पट्टा तसाच उघडा.

भाऊ बराच वेळ बघत राहिला. "जिथे माझा हात थांबला तिथेच आहे," तो म्हणाला. "म्हणजे माझ्यानंतर कुणाला चढवलंच नाही. बरं झालं."

कात्रीला वाटलं होतं, त्याला वाईट वाटेल. तिलाच रडू आलं. ते तिने रागातच धरलं, कारण रागात धरलेलं रडू तिला सवयीचं होतं.

तेवढ्यात मंडळी शिखरावरून गात उतरली. संचालिकाबाई पुढे. "काय मग, कसं वाटलं? तुमच्यामुळे आम्हा सगळ्यांना केवढी उभारी मिळाली!"

"याला काय दाखवणार होतात?" कात्रीने विचारलं.

बाई हसऱ्या चेहऱ्याने आठवू लागल्या. त्यांना आठवेना.

"टाकी," कात्री म्हणाली. "एवढंच मागितलं होतं त्याने. तुम्ही त्याला वर आणलंत आणि तुमची पाटी दाखवलीत. माणसाला असं भिंतीकडे तोंड करून ठेवतात का? त्याला बघायला काही लागत नाही? दोरीवरचं कापड आहे का तो, वाऱ्याला लावलं की झालं?"

बाईंचा चेहरा उतरला. पोरं बांबूंशी चाळा करू लागली. कात्रीला अजून बरंच बोलायचं होतं, कोठार भरलेलं होतं.

"ताई, पुरे," भाऊ म्हणाला. आवाज चढवला नव्हता, टाकीवरची नजरही काढली नव्हती. "घरी पण माझी पाठच असते ना खिडकीला."

कात्रीचं तोंड उघडं होतं, ते तिने मिटलं. खाली येईपर्यंत ती कुणाशी बोलली नाही. पोरांना वाटलं, मावशी आपल्यावर रागावल्यात, म्हणून त्यांनी खुर्ची काचेसारखी उतरवली.

घरी आल्यावर चहासुद्धा न घेता तिने मशीन ओढलं. एकटीने, भावाला हात लावू न देता, आतल्या भिंतीपाशी. खिडकीत त्याची खुर्ची आली, तोंड रस्त्याकडे. तो आता तिथूनच सुया ओवून देतो, आणि ओवता ओवता रस्त्यावरून कोण गेलं तेही सांगतो.

आत उजेड पुरत नाही. टीप कधीमधी वाकडी जाते. गिऱ्हाईक कुरकुरलं, की कात्री सांगते, "सरळ हवी असेल तर दुसरीकडे शिवा." आणि मशीन तिथून हलवत नाही.