सोळा नंबरावर दोघं

दोस्तहो, दुपारपासून अडकलेला जीव आत्ता कुठं भांड्यात पडलाय.

मी आठवी शिकलेला, बंगळुरात कॉम्प्युटर रिपेअरच्या दुकानात कामाला. ताईचं तिकडं आमच्या शहरात, गुलमंडीजवळ, ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. आज फॉर्मचा शेवटचा दिवस, दारात पोरींची रांग, अन् तिचं नेट सारखं बंद पडाय लागलं.

ताईचा फोन आला, "दसऱ्याला कॉम्प्युटरचा डबा तूच उघडला होतास ना? आता तूच निस्तर!"

व्हिडिओवर स्क्रीन बघितली. लिहिलं होतं, सोळा नंबरचा इंटरप्ट कुणी घेईना, म्हणून तो बंद केला.

इंटरप्ट म्हणजे मशीनमधल्या पार्टनं कर्नलला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामला, मारलेली हाक. हाकेला नंबर असतो. दसऱ्याला मशीनच्या पूजेची घाई, म्हणून जुन्या प्रिंटरचं कार्ड मी हाताला लागेल त्या स्लॉटात खोचलं. ते आलं नेटच्याच सोळा नंबरावर. आज ते कार्ड उगाच हाका मारत बसलं, कर्नल वैतागला, त्यानं नंबरच बंद केला. नेट बिचारं फुकट मेलं.

"ताई, मशीनची लाईट काढ अन् कार्ड खालच्या स्लॉटात टाक."

"मी? जळलं तर?"

"नाय जळत गं. टाक."

कार्ड अठरा नंबरावर गेलं. आता ओरडलं तरी त्याचंच दार बंद होईल, नेटचं नाय.

आत्ताच तिचा मेसेज आला, "सगळ्या पोरींचे फॉर्म गेले. पुढच्या दसऱ्याला नुसतं कुंकू लाव, आत हात घालू नको."

तुम्ही घाईत खोचलेलं काय काय घरच्यांना भोवलंय? खरं सांगा.