लाभ, दोन, तीन

माझी मुलगी तेव्हा अडीच वर्षांची होती, आणि तिला पहिल्या गोष्टी मीच शिकवायच्या, दुसऱ्या कुणी नाही, असा माझा हट्ट होता. हट्ट आज म्हणते. त्या वेळी मी त्याला तत्त्व म्हणत होते.

मिठाची चळवळ होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मला पत्रकं लिहायची चटक लागली होती. दारूच्या गुत्त्यावर लिहिलं, परदेशी कापडावर लिहिलं, आणि मूल झाल्यावर बालशिक्षणावर लिहायला घेतलं. ‘मुलांना मारू नका, त्यांच्या हातांना काम द्या!’ ‘घर हीच पहिली शाळा!’ ही वाक्यं माझी. बोर्लीच्या बाजारात ती पत्रकं वाटली गेली, आणि त्यांत सुक्या कोलंबीचे सोडे बांधून आमच्याच घरी आलेलेही मी पाहिले. नवरा मुंबईला गोदीत. घरी मी, थोरले दीर आणि जाऊबाई. मी सातवी पास. जाऊबाईंना अक्षर ठाऊक नव्हतं आणि मूलही नव्हतं.

माझी पद्धत अशी, की दर आठवड्याला एकच विषय धरायचा आणि घरातली प्रत्येक वस्तू त्या विषयाला जुंपायची. पहिला आठवडा रंगांचा. जुन्या धोतराच्या चिंध्या हळदीत, कुंकवात, निळीत बुडवून वाळवल्या आणि ओटीवर ओळीनं मांडल्या. पोरीनं हळदीची चिंधी चोखली, निळीची डोक्यावर ठेवली आणि उठून चालती झाली. दुसरा आठवडा आकारांचा. सुताराच्या मागे लागून लाकडाचे गोल, चौकोन, त्रिकोण कापून घेतले होते. त्यातला मोठा गोल पोरीनं उचलला, चुलीपुढे नेला आणि जाऊबाईंच्या हातात ठेवला. “भाकली!”

जाऊबाईंनी तो तोंडाशी नेऊन मिटक्या मारल्या. “अगो, मीठ इसारलीस की यात!”

पोर हसता हसता जमिनीवर लोळली. माझ्या दोन आठवड्यांत ती एकदाही तशी हसली नव्हती.

“जाऊबाई, तो गोल आहे. तिला गोल म्हणू द्या.”

“मी कुठं नको म्हनते? गोलच हाय भाकरी.”

अडाणी माणसाशी वाद घालण्याची तयारी कुठल्याच पत्रकानं करून दिलेली नसते. मी गोल हिसकावून घेतला. पोर माझ्याकडे नाही, जाऊबाईंकडे बघून रडली.

तिसऱ्या आठवड्यात मोजणी घेतली. खडे धुऊन आणले. एक खडा तळहातावर ठेवायचा आणि म्हणायचं, “एक.” पोर खड्याकडे न बघता अंगणापलीकडे खळ्याकडे बघायची. झोडणी उरकली होती. जाऊबाई अधोलीनं भात मापत होत्या, दीर पोतं धरून उभे राहत. पहिल्या मापाला आमच्याकडे कुणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात, मग दोन, तीन. माझी मुलगी करवंटी घेऊन जाऊबाईंच्या गुडघ्याला चिकटून बसायची आणि आपली वेगळी रास मापायची.

चौथ्या दिवशी मी तळहातावर खडा ठेवला.

“लाभ,” पोर म्हणाली.

“एक म्हण.”

“लाभ.”

मी तशीच खळ्यात गेले. “तिला हे तुम्ही शिकवलंत?”

“मी कशाला शिकवू? मी भात मापते.”

“सगळं जग एक म्हणतं.”

“म्हनू दे की जगाला. पयल्या मापाला एक म्हनलं की त्ये एकटंच ऱ्हातं गो. लाभ म्हनलं की मागनं दुसरं येतं.” आणि अधोली पुन्हा भरू लागल्या. माझ्या पोरीच्या मागून दुसरं मूल आलं नव्हतं आणि त्यांना तर पहिलंही नव्हतं. हे बोल त्यांनी मला लावले की स्वतःला, ते मी विचारलं नाही. मला एवढंच दिसत होतं, की माझी पोर पहिला आकडा त्यांच्या तोंडून शिकली. मी रात्रंदिवस खपले आणि त्या नुसत्या भात मापत होत्या!

पुढच्याच आठवड्यात बोर्लीला बायकांची सभा होती. घरच्या शिक्षणावर मी बोलायचं होतं आणि नमुना म्हणून मुलीला पुढे करायचं होतं. सकाळी जाऊबाईंनी पोरीला न्हाऊ घातलं, काजळ घातलं, मग पदर बोटांत घोळत म्हणाल्या, “मी येऊ का गो?”

“तुमचं तिथे काय काम?” मी म्हटलं.

त्या आत गेल्या. गाडी निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

सभेत भाषण फक्कड झालं. मग मी पोरीला टेबलावर उभं केलं आणि पुढे पाच सुपाऱ्या मांडल्या. “मोज बघू.” पोरीनं एकेक सुपारी टिचकीनं बाजूला केली. “लाभ, दोन, तीन, चाल, पाच.” एकही चुकली नाही. मागं बसलेल्या शेतकरी बायकांनी एकच गलका केला. “अगो, ही तर आपल्या खळ्यावरची हाय!” “मापारीन हाय, मापारीन!” पुढं बसलेल्या मास्तरांच्या बायकोनं कौतुकानं विचारलं, “एवढ्याशा मुलीला मोजायला शिकवलं कुणी हो?”

मी म्हटलं, “मी.”

तेवढ्यात पोरीनं दाराकडे पाहिलं, सगळ्या बायकांची तोंडं धुंडाळली आणि भोकाड पसरलं. “काकी! काकी!” मी जवळ घेतलं तर छातीवर हात रोवून मला ढकलू लागली. भर सभेत. परतीच्या वाटेवर गाडीवानदेखील मागे वळून बघत नव्हता, इतका तो ओशाळला होता.

घरी पोचताच मी जाऊबाईंना सांगितलं, “उद्यापासून पोर खळ्यात येणार नाही. तुम्हीही तिला घेऊ नका.”

“बरं,” त्या म्हणाल्या. भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून पोरीच्या नजरेला पडू नये म्हणून मागच्या दारानं ये-जा करू लागल्या. आणि मला, खरं सांगते, आनंद झाला. तीन दिवस पोर फक्त माझी होती. हाका मारून थकली, मग गप्प झाली. मी मांडलेलं ती बघायची. हात लावायची नाही.

चौथ्या दिवशी मी खडा पुढे केला. पोरीनं तो घेतला आणि मान खाली घालून हळूच म्हणाली, “एक.”

आणि माझ्या हाताकडे पाहिलं. मी हात उगारलेला नव्हता, आयुष्यात कधी उगारला नव्हता. तरी तिनं पाहिलं, मार खाणारी मुलं बघतात तसं.

मी तिला उचललं आणि मागच्या दारी गेले. जाऊबाई विळीवर ओलं खोबरं खवत होत्या.

“हिला घ्या,” मी म्हटलं.

“का? शिकली न्हाय एक?”

“शिकली.”

“मंग?”

“सभेत मी खोटं बोलले. हिला मोजायला मी शिकवलं म्हणाले.”

जाऊबाई विळीवरून उठल्या, खोबऱ्याचा हात पदराला पुसला. “बोललीस तर बोललीस. मला तरी कुनी शिकवलं, त्ये इचारायला कुनी सभा भरवली व्हती?” पोर तोवर माझ्या कडेवरून त्यांच्याकडे झेपावली होती. “चल, भात पाखडायचंय. तू पन चल. पोर म्हंजे काय रास हाय, मापून वाटून घ्यायला?”

मी गेले. मला सूप धरता येत नव्हतं. फोलासकट दाणेही उडाले आणि दीर तोंड फिरवून हसले. पोर जाऊबाईंच्या मांडीवर बसून मला दाखवत होती, ओठांचा चंबू करून, “अशी फुंकल, आई, अशी.” मत्सर गेला असं इथं लिहिलं तर हेही एक पत्रक होईल. तो गेला नाही. पोर ज्या मांडीवर बसली होती ती माझी नव्हती, आणि तिथून तिला उठवायची माझ्यात हिंमतही नव्हती.

मी सूप खाली ठेवलं, त्या दोघींच्या जवळ गेले आणि म्हटलं, “जाऊबाई, जरा सरका.”