जो आणि जे

निकियाच्या परिषदेला सतराशे वर्षे झाली, त्या वर्षी धुळ्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीनेही एक सभा घेतली. निकियाला परंपरेप्रमाणे तीनशेच्या वर बिशप होते. आम्ही पाच जण होतो. पण प्रश्न तोच होता, आणि तो सुटला नसता तर सातपुड्याच्या पायथ्याची माणसे आमच्यातून उठून गेली असती.

ही माणसे शिरपूरच्या पलीकडून येतात. पावसावरची शेती, उरलेले महिने मजुरी. घरात भिलोरी, बाजारात अहिराणी. महिन्यातून एका रविवारी गाडी करून आमच्या उपासनेला येत आणि मागच्या बाकांवर बसत. निकियात ठरलेला मतांगीकार म्हणायला सगळे उठत तेव्हा तीही उठत. आपला विश्वास काय हे ज्या ओळींत मांडले आहे, त्या म्हणताना त्यांचे ओठ मात्र मिटलेले असत. मी सेक्रेटरी म्हणून समोर उभा असे, त्यामुळे ते मला दिसे.

त्यांचे पुढारी नाना. परिषदेच्या स्मरणाचा रविवार ठरला तसे ते पाळकांना म्हणाले, "त्या दिनले आम्ही आम्हनी बोलीमा म्हनसूत. बठ्ठा इसूत. नही जमनं ते मंग आम्ही आम्हना गावमाच बससूत." सगळे येऊ, नाहीतर गावातच बसू, हे रागाने म्हटलेले नव्हते, म्हणून ते मला अधिक लागले.

नानांनी आणि अक्कांनी मिळून मतांगीकाराची अहिराणी करायला घेतली. अक्का शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, माहेर एरंडोलचे. ओळी भराभर झाल्या आणि एका शब्दापाशी गाडी रुतली. 'एकतत्त्वी'. देवाचा पुत्र हा पित्याशी, म्हणजे देवाशी, एकतत्त्वी. लहानपणापासून मी हा शब्द म्हणत आलो आहे आणि तो कधी जिभेला अडला नाही, कारण मी त्याचा कधी विचारच केला नव्हता.

सभा पाळकांच्या घरी झाली. पाळक नगरकडचे, वयाने आमच्यापेक्षा लहान. त्यांनी आधी बायबलमधला यरुशलेमातल्या सभेचा भाग वाचला. यहुदी नसलेले लोक विश्वासात येऊ लागले तेव्हा काहींचे म्हणणे होते की त्यांनी आधी आपल्यासारखे व्हावे, मग आत यावे. प्रेषित आणि वडील जमले, वाद झाला, आणि झेपणार नाही असे ओझे कोणावर टाकायचे नाही असे ठरले. पुढच्या सगळ्या परिषदांचे मूळ तिथे आहे.

आबा हे आमच्यातले सर्वांत जुने वडील, म्हणजे मंडळीचे कारभारी, आणि निवृत्त मुख्याध्यापक. ते म्हणाले, "ओझं नको, कबूल. पण मतांगीकार बोलीत? उपासना म्हणजे काय चावडी आहे? सतराशे वर्षांचे शब्द आहेत ते."

"निकियामा मराठी बोलेत का, आबा?" नानांनी विचारले.

अक्कांनी पदर तोंडाला लावला. आबा हसले नाहीत.

"हाई एकतत्त्वी काय शे?" नाना पुढे म्हणाले. "युरियाना गोनीवरनं नाव वाटस. आम्ही सरळ म्हनतस, बापनासारखा पोर्‍या."

इथे मला बोलावे लागले. माझी नोकरी जमीनमोजणीची. दोन गटांचे क्षेत्र गुंठ्यागुंठ्याने सारखे निघते, म्हणून ते एक गट होत नाहीत. सारखे म्हणजे दोन. निकियाला नेमके यावरच भांडण होते. अलेक्झांड्रियाचा एक पाळक शिकवत होता की पुत्र थोर खरा, पण निर्माण केलेला. नंतर काहींनी मधला शब्द काढला, तत्त्वाने 'सारखा'. ग्रीकमध्ये 'एकच' आणि 'सारखा' या दोन शब्दांत एका अक्षराचा फरक होता, आणि त्या अक्षरापायी बिशपांना हद्दपार व्हावे लागले. मी नानांना म्हणालो, "सारखा चालणार नाही. सारखा म्हटलं की आपल्याला वाचवायला देव स्वतः आला नाही, कोणीतरी दुसराच पाठवला, असं होतं."

"बरं. मंग बाप जो शे, तोच पोर्‍या शे, आसं म्हना." मग नानांनाच शंका आली. "पन एकच शेत, ते मंग बागमा रातले त्यानी प्रार्थना कोनले करी? सोतालेच?"

पकडले जाण्यापूर्वी पुत्राने बागेत पित्याची प्रार्थना केली होती, तिच्यावर नानांनी बोट ठेवले होते. हाही वाद जुन्या काळी मंडळीत होऊन गेलेला आहे, आणि बाप तोच पुत्र हेही उत्तर नाकारले गेले आहे. एका बाजूला बांध, दुसऱ्या बाजूलाही बांध. परिषदांनी पुष्कळदा एवढेच केले आहे. देव किती मोठा हे त्यांनी मोजले नाही, कुठे पाऊल टाकायचे नाही ते दाखवणारे दगड रोवले.

"बघा," आबा म्हणाले, "म्हणूनच सांगतो, मराठी राहू द्या."

नाना टोपी घालून उठले. त्यांना थांबवायचे म्हणून पाळकांनी मी टिपत होतो तो कागद घाईने ओढला आणि नानांचेच वाक्य मोठ्याने वाचले. अहिराणी त्यांच्या तोंडात बसत नाही. ते वाचून गेले, "बाप जे शे, तेच पोर्‍या शे."

"अहो पाळकसाहेब," अक्का हसू लागल्या, "बाप जो असतो. जे तुमच्या नगरला असेल. झाडाला म्हणतात जे..." आणि मध्येच थांबल्या. "थांबा हो. जो म्हटलं की कोण ते विचारलं. जे म्हटलं की काय आहे ते विचारलं."

बाप जो आहे तोच पुत्र, हे चूक. बाप जे आहे तेच पुत्र, यात दोघे दोन राहतात आणि देवपण एकच राहते. एका कान्याचा फरक. मी ते दोनदा तपासले, मग आबांकडे पाहिले.

नानांनी उभ्या उभ्याच म्हणून पाहिले. "बाप जे शे, तेच पोर्‍या बी शे." पुन्हा म्हटले. मग बसले.

आबांनी कागद हातात घेऊन ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. शेवटी म्हणाले, "चूक काढता येत नाही. तुम्ही म्हणा. मी मात्र मराठीतच म्हणेन." मी ते तसेच लिहून घेतले. निकियालाही सही न करणारे होते.

त्या रविवारी त्यांच्या दोन गाड्या आल्या. ती ओळ आली तेव्हा मी कान देऊन ऐकत होतो, 'जे' म्हणतात की 'जो'. इतक्या तोंडांतून ते ओळखू आले नाही. काहींनी खात्रीने 'जो' म्हटले असेल. समोरच्या बाकावर आबांचे 'एकतत्त्वी' वेगळे ऐकू आले. मी कान द्यायचे सोडले आणि त्यांच्याबरोबर म्हणू लागलो.

अहिराणी 'आनि पवित्र आत्मावर' इथे संपली, कारण तेवढीच झाली होती. निकियाचा मतांगीकारही तिथेच थांबला होता. आत्म्याविषयीचे पुढचे शब्द मांडायला आणखी छप्पन्न वर्षे आणि कॉन्स्टँटिनोपलची परिषद लागली.

बाहेर आल्यावर नानांनी मला गाठले. "भाऊ, आत्मानी ओळ कव्हय करतस? आम्ही तठेच उभा शेत."

"पुढच्या महिन्यात याल तेव्हा बसू," मी म्हणालो.

"येवानंच शे," नाना म्हणाले, "पन आबाले बी बसाडा."