पुढच्या सीटवरचे पांढरे केस

गाडी घेतली ती दादांसाठी. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. त्यांना दमा आहे. चाकूरजवळच्या आमच्या गावाहून लातूरच्या दवाखान्यात जायचं म्हणजे एसटी, आणि एसटीत बहुतेक वेळा उभ्यानं. उतरेपर्यंत त्यांचा चेहरा काळवंडून जायचा. मी नांदेडला एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यासाठी दादांनी काय काय मोडलं ते मला ठाऊक आहे. म्हणून नोकरी कायम झाल्यावर मी पहिली वस्तू घेतली ती ही जुनी गाडी. सीटवर नवी रेक्झिनची कव्हरं होती. त्यांच्याखाली काय आहे ते बघायचं मला सुचलं नाही.

गावात मायनं गाडीला हळदीकुंकू लावलं. दादा धुतलेलं धोतर नेसून पुढच्या सीटवर बसले. गाव संपेपर्यंत त्यांनी काच खाली ठेवायला लावली, चार लोकांनी बघावं म्हणून. मग धूळ नको म्हणून मी काचा लावून एसी सुरू केला. चाकूर यायच्या आतच त्यांना खोकल्याची उबळ आली ती थांबेना. छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. मी त्यांना उतरवून बाभळीखाली बसवलं, पंप दिला. श्वास जरा मोकळा झाल्यावर ते म्हणाले, "गाडीला काय बी झालं न्हाई. मलाच एसीची सवय न्हाई लेका."

घरी येऊन कव्हर काढलं. खाली राखाडी कापडाची मूळ सीट, आणि तिच्यात रुतलेले आखूड पांढरे केस. विकणाऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, "सर, आधीच्या मालकाचं कुत्रं होतं. लई लाडाचं. पुढंच बसायचं. केसानं काय इंजिन बंद पडतंय व्हय?"

शेजारच्या काकूंनी ऐकलं आणि मायला म्हणाल्या, "बघा की बाई, कुत्र्यानं एसीत हिंडावं आन आमच्या भावजींनी यष्टीत लोंबकळावं. नशीब काढलं मेल्यानं!" माय हसली. दादाही हसले, आणि हसता हसता पुन्हा खोकले.

त्यानंतर प्रत्येक रविवार त्या केसांत गेला. वॉशिंग सेंटरच्या मशिननं वरवरचे तेवढे ओढले. रबरी हातमोजा ओला करून एकाच दिशेनं घासलं की केसांच्या सुरळ्या व्हायच्या, त्या उचलायच्या. शिवणीतले दातांच्या ब्रशनं उकरायचे, उरलेले चिकटपट्टीनं. सीट साफ झाली असं वाटायचं, आणि उन्हाची तिरीप आली की पुन्हा चमकायचे. दादा लांब बाजेवर बसून विचारायचे, "सरलं का रे?"

लातूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "केस काय, ते दिसतात तरी. त्या जनावराच्या कातडीचा कोंडा दिसत नाही. तो सीटच्या फोममध्ये बसतो, गाडीच्या छताला चिकटतो. महिनोन्महिने जात नाही, आणि दमा त्यानंच उसळतो. यांना त्या गाडीत बसवू नका." घरी मी एवढंच म्हणालो, "दादा, केस निघेपर्यंत बसू नका." पुरतं सांगायला जीभ रेटली नाही.

एका रविवारी मी मोटारसायकलवर चाकूरला गेलो होतो. दादांनी गोठ्यातलं पोतं काढलं. बैल होते तोवर पोळ्याच्या आधी ह्याच पोत्यानं ते त्यांची अंगं घासायचे. पोतं ओलं करून ते गाडीत शिरले. मायला कळू नये म्हणून दार ओढून घेतलं आणि घासत बसले. मी परत आलो तेव्हा ते गाडीला टेकून जमिनीवर बसलेले होते. ओठ निळे पडलेले. हातात पांढऱ्या केसांनी भरलेलं पोतं.

वेळेला दुसरं वाहन नव्हतं. त्याच गाडीत, सगळ्या काचा उघड्या टाकून, त्यांना लातूरला नेलं. मागं मायच्या मांडीवर त्यांचं डोकं होतं. दवाखान्यात तोंडावरचा मास्क सरकवून ते पहिलं वाक्य बोलले, "सीट बघितलीस का? बैलाच्या अंगावर सुटा केस ठेवत नव्हतो. ही तर नुसती गादी हाय."

मी खाली जाऊन बघितलं. काळा रुमाल सीटवर घासला. एकही केस आला नाही.

दवाखान्यातून घरी सोडलं त्या दिवशी दादा हळूहळू चालत गाडीपाशी गेले आणि पुढचं दार त्यांनी स्वतःच उघडलं.

"दादा, ह्याच्यात नको. भाड्याची गाडी करतो."

"का? अजून ऱ्हायलेत का केस?"

"हो."

"दाव बरं."

ते वाकून सीटकडं बघत राहिले. मीही बघत राहिलो. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं.

"एवढं घासून बी जमलं न्हाई म्हण," ते म्हणाले आणि दार लावलं. भाड्याच्या गाडीला त्यांनी नकार दिला. दारात गाडी असताना दुसऱ्याला कशाला पैसे द्यायचे, त्यापेक्षा यष्टी बरी, म्हणाले. मी खूप विनवलं. ते मायला घेऊन स्टँडकडं चालू लागले.

मी एसटीच्या मागं गाडी चालवत आलो. शेजारची सीट स्वच्छ होती. पुढं एसटीच्या मागच्या काचेतून दादांची टोपी दिसत होती, दांड्याला धरलेल्या हाताखाली. चाकूरपर्यंत त्यांना बसायला जागा मिळाली नाही.