बिनभात्याची पेटी

"कुसुम, हा तुझा डावा हात काय करून राह्यला?" डोरीन मिसने विचारलं.

मी बघितलं. उजवा हात पियानोवर सी मेजर चढत होता. डाव्यानेही तेच करायचं होतं. पण तो पट्ट्या सोडून वर उठला होता आणि समोरच्या फळीजवळ, जिथे पेटीचा भाता असतो नेमक्या त्या जागी, हवेत पुढे-मागे, पुढे-मागे चालला होता.

"हवा भरून राह्यला, मिस," मी म्हणाले.

"हवा? पियानोला?" मिस इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, "अरे बाप रे. यह तो बडा प्रॉब्लेम है."

हिंगणघाटच्या एका शाळेत मी तेव्हा बालवाडीची टेंपररी बाई होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. डोरीन मिस शाळेच्या संगीत शिक्षिका. जन्म नागपूरचा, त्यामुळे त्यांचं अर्धं बोलणं हिंदीत चालायचं. वर्ष संपलं की त्या भावाकडे नागपूरला परत जाणार होत्या. त्यांची जागा परमनंट होती आणि माझा तिच्यावर डोळा होता.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत मी सासर सोडून अल्लीपूरला बाबांकडे परत आले होते. बाबा मला कधी काही बोलले नाहीत. पण दर आठ-पंधरा दिवसांनी कोणी ना कोणी मावशी दुसरं स्थळ घेऊन यायचीच. मला स्थळ नको होतं, नोकरी हवी होती. बालवाडी पुढच्या वर्षी बंद होणार, हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं.

मुख्याध्यापिकेला आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. बोलणं मोजकं आणि रोखठोक. मी अर्ज घेऊन गेले तेव्हा त्यांनी तो वाचलासुद्धा नाही.

"तुम्हाला पियानो येतो?"

"पेटी येते, बाई. पियानो शिकेन."

"मार्चमध्ये नागपूरहून परीक्षक येतात, मुलांची परीक्षा घ्यायला. त्यांच्यासमोर तुम्हीही बसा. पास झालात तर जागा तुमची. नाही झालात तर पियानो विकून टाकू. त्या खोलीत चौथीची एक तुकडी सहज बसेल."

परीक्षेचा मुख्य भाग म्हणजे मेजर स्केल्स. ज्यांना पियानो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मेजर स्केल म्हणजे आपले साधे शुद्ध स्वर, सा रे ग म प ध नि सा. सा कुठल्या पट्टीवर धरला त्यावरून स्केलचं नाव ठरतं. पांढरी एक धरली की सी मेजर, पांढरी चार धरली की एफ मेजर. अशा बारा स्केल्स. स्वर मला कोणी शिकवायची गरज नव्हती. भजनात एक बुवा काळी एकमध्ये गातो, दुसरा पांढरी पाचच्या खाली उतरत नाही, आणि पेटीवाल्याने सगळ्यांना सांभाळून घ्यायचं असतं. नवं होतं ते एवढंच, की पियानोवर दोन्ही हातांनी एकाच वेळी तेच स्वर वाजवायचे. उजवा अंगठ्यापासून निघतो, डावा करंगळीपासून. वाटेत बोटं संपतात, म्हणून एका हाताचा अंगठा बोटांखालून पुढे सरकवायचा आणि दुसऱ्याचं मधलं बोट अंगठ्यावरून पलीकडे टाकायचं. ऐकणाऱ्याला यातलं काही कळता कामा नये.

पण मी लहानपणापासून पेटीवर बसलेली. पेटीत उजवा हात वाजवतो आणि डावा भाता चालवतो. भाता थांबला की सूर मरतो. पेटी मला बाबांनीच शिकवली आणि त्यांचा नियम एकच होता. "हवा तुटू देऊ नोको, पोरी. हवा तुटली का भजन उघडं पडते. भाता फाटला तं गळ्यानं सूर धरजो, पण उघडं पडू देऊ नोको." रात्ररात्र भजन चाललं तरी माझा डावा हात झोपेतही चालत राहायचा. आता त्याच हाताला कोणी सांगावं, की बाबा रे, इथे हवा लागत नाही?

डोरीन मिसने सगळं करून पाहिलं. नुसता डावा हात वाजवला तर तो शहाण्यासारखा वाजायचा. उजवा सोबतीला आला की चालला भात्याकडे. मग मिसने खिडकीच्या कठड्यावरचा कापसाचा एक पुंजका उचलून माझ्या डाव्या मनगटावर ठेवला. "हा खाली पडला नाही पाहिजे," म्हणाल्या. पुंजका पडला नाही, उडाला. तरंगत तरंगत मिसच्या केसांवर जाऊन बसला आणि तास संपेपर्यंत तिथेच राहिला.

कापूस तिथे कुठून आला, हेही सांगायला हवं. शाळेच्या मागच्या भिंतीपलीकडे जिनिंग होती. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. दिवाळीनंतर तो सुरू झाला की उन्हाळ्यापर्यंत त्याची घरघर चालायची. हवेत सतत कापसाचे बारीक तंतू. दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन तिरपं आत यायचं, त्या उन्हात तंतू अगदी सावकाश खाली उतरायचे आणि काळ्या पट्ट्यांवर साचायचे. वाजवायच्या आधी मी पदराने पट्ट्या पुसायची. गावात कुठेतरी माणसं बोलत असत, बैलगाड्या जात असत, पण खोलीत त्यातलं काही पोचत नसे. त्या खोलीइतकं छान मला आयुष्यात दुसरीकडे कुठे वाटलं नाही.

एके दुपारी मिसला बरं नव्हतं. मी एकटीच बसले होते. जेवण झालेलं, डोळे जड. वाजवता वाजवता माझं लक्ष भिंतीपलीकडच्या घरघरीत गेलं. त्यात सूर असा नव्हता, नुसता भरलेला आवाज होता, न तुटणारा. मी अर्धवट झोपेत सी मेजर चढले आणि उतरले. मग जी मेजर. मग डी. केव्हातरी लक्षात आलं, की दोन्ही हात पट्ट्यांवर आहेत. डावा उजव्याच्या सोबत, शेजारी शेजारी, बसच्या एका सीटवर बसलेल्या दोन बायांसारखे दोघे निवांत चालले होते.

मी दचकून थांबले. पुन्हा वाजवून पाहिलं. डावा हलला नाही. मग मला कळलं. जिनिंगची घरघर चालू होती ना, त्यामुळे हाताला वाटत होतं, हवा दुसरं कोणीतरी भरतंय. त्याची काळजी मिटली होती.

घरी बाबांना सांगितलं. "त्या पेटीले भाताच नाई?" त्यांनी विचारलं.

"नाई, बाबा. आतमंदी हातोड्या असतात. तारांवर पडतात."

"मंग तिचा जीव कशात असते?"



पुढचे महिने स्वप्नात गेल्यासारखे गेले. अल्लीपूरच्या बसमध्ये मी खिडकीच्या गजावर बोटं चालवायची. बाहेर वेचणीला आलेला कापूस, त्यात वाकलेल्या बाया. प्रत्येक स्केल मला एकेक रस्ता वाटायची. सी मेजर आमच्या गावचा, सरळ, काळ्या पट्टीचा खडासुद्धा न लागणारा. ई मेजर गिरडच्या टेकडीचा, चढताना धाप लागायची आणि वर पोचलं की वारा. शेजारच्या बाईने एकदा विचारलं, "काऊन वो, हाताले मुंग्या आल्या का?" मी हो म्हटलं. काय काय समजावून सांगणार?

मिसला मी जिनिंगचं गुपित सांगितलं, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "और परीक्षेच्या दिवशी जिन बंद असली तर?"

"मार्चभर चालू असते, मिस."

"तू मिलच्या भरवशावर म्युझिक टीचर होणार?"

"दुसरा भरवसा कोणता आहे मला?" मी म्हणाले. त्या दिवशी मिसने मला स्वतःच्या डब्यातली अर्धी पोळी दिली.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक आले ते घामाघूम. उंच, वयस्क गृहस्थ, कोट काढून हातावर टाकलेला. मुलांची परीक्षा झाली. मग मला बोलावलं. मोठ्या बाई दाराशी खुर्ची टाकून बसल्या. मिस खिडकीत. भिंतीपलीकडे घरघर चालू होती आणि मी मनातल्या मनात त्या यंत्राला हात जोडले.

"सी मेजर. दोन्ही हात."

छान गेली. जी मेजर छान गेली. एफ मेजरला परीक्षकांनी मान हलवली.

"ई मेजर, प्लीज."

मी चढायला लागले. अर्ध्या वाटेत डोक्यावरचा पंखा मंदावला आणि घरघर खाली खाली उतरत गेली. लाईन गेली होती. मग पूर्ण शांतता. इतकी, की कापूस पडला तर ऐकू यावा. आणि माझा डावा हात पट्टीवरून उठायला लागला. तो माझाच हात होता, तरी मी त्याच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तशी बघत होते. मला वाटलं, गेली नोकरी. आता मावशी येणार, स्थळ घेऊन.

भाता फाटला तं गळ्यानं सूर धरजो.

मी तोंड मिटून सा धरला. पांढरी तीनचा सा, नुसता हुंकार, छातीतून. हात हवेत होता तिथेच थबकला. मग हळूच खाली आला आणि उजव्याला वाटेत गाठून सोबत चालायला लागला. वर पोचलो, उतरलो. श्वास संपेपर्यंत मी सा सोडला नाही.

परीक्षकांनी चष्म्यावरून बघितलं. "ये हम्मिंग क्यूँ?"

खोटं सुचलं नाही. "हवा भरून राह्यली होती, सर."

मिस खिडकीबाहेर तोंड करून उभ्या होत्या. त्यांचे खांदे हलत होते. हसत होत्या की रडत, मला अजून माहीत नाही. परीक्षक काही वेळ माझ्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एक बार और. बी मेजर." बी मेजर पाच काळ्या पट्ट्यांची. मी सा बदलला, पुन्हा हुंकार धरला आणि वाजवली. लाईन आलीच नाही.

"पास," ते म्हणाले. "हात उठला त्याचे आणि हम्मिंगचे मार्क कापलेत. परीक्षेत पियानो ऐकायचा असतो, परीक्षार्थी नाही."

मोठ्या बाई उठल्या. "म्हणजे चौथीच्या तुकडीला दुसरी खोली बघावी लागणार," एवढंच बोलून निघून गेल्या. मी तिथेच स्टुलावर बसून खूप रडले.

त्या खोलीत मी निवृत्त होईपर्यंत शिकवलं. आसपासच्या गावांतून येणाऱ्या पोरांत भजनाच्या पेटीवर वाढलेलं एखादं असायचंच, आणि पहिल्या आठवड्यात त्याचा डावा हात उठायचाच. मी कधी कुणाचा हात धरून खाली दाबला नाही. सवय मोडत नाही. ती ज्या काळजीपोटी लागलेली असते, ती काळजी दुसऱ्या कोणावर सोपवावी लागते. मी पोरांना सा धरायला सांगायची. दरवर्षी परीक्षक विचारायचे, तुमची मुलं गुणगुणतात का? मी म्हणायची, इकडची हवाच तशी आहे.

नोकरी पक्की झाल्यावर बाबा एकदा शाळेत आले. चपला दाराबाहेर काढल्या. पियानोला हात लावला नाही, फक्त भोवती फिरून कुठे भाता दिसतो का ते पाहिलं. मग बाकावर बसले. मी त्यांना सी मेजर वाजवून दाखवली, दोन्ही हातांनी, सावकाश, तोंड मिटून आणि गळाही मिटून. एक शब्द नाही, हुंकार नाही. मला दाखवायचं होतं, की आता मला कशाचीच गरज लागत नाही.

वरच्या सापर्यंत गेले आणि सहज त्यांच्याकडे बघितलं. डोळे मिटलेले. डावा हात मांडीवर पुढे-मागे, पुढे-मागे चालला होता.

"बाबा, याले हवा लागत नाई," मी म्हणाले.

"मले माईत हाय," ते डोळे न उघडता म्हणाले. "तू वाजव. मी भरून राह्यलो."